पंधरा वॉटचा शेजारधर्म

गिटारच्या व्हॉल्व्हवाल्या, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांच्या, ॲम्प्लिफायरमधून गोड आवाज काढायचा तर त्याला छळावं लागतं, आणि त्याला छळलं की सोसायटी मला छळते. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत सध्या हेच चाललंय.

माझा ॲम्प १५ वॉटचा. पुढे १२एएक्स७ या बारक्या काचेच्या नळ्या, मागे ताकदीच्या दोन ईएल८४. व्हॉक्स एसी३० या नावाजलेल्या गिटार ॲम्पमध्ये ह्याच चार असतात. सिग्नल झेपेनासा झाला की साधं ट्रान्झिस्टर सर्किट लहरींची टोकं सुरीने कापावीत तशी सपाट करतं, मग कानाला चावणारी खरखर सुरू होते. व्हॉल्व्ह असा एकदम हात वर करत नाही. टोकं हळूहळू गोलावतो आणि मूळ सुराच्या दुपटी-तिपटीचे स्वर त्यात मिसळत जातो. तार हलकेच छेडली तर स्वच्छ, जोरात छेडली तर गुरगुर. बटणाला हातही लावावा लागत नाही. फक्त त्यासाठी ईएल८४ ला घाम फुटायला हवा, म्हणजे व्हॉल्यूम सातच्या पुढे.

आणि सातच्या पुढे बेल वाजते.

खालचे काका प्रेसमधून रिटायर झालेले, हिशेबाला पक्के. "अरे, निम्मा कर की आवाज!" मी समजावलं की काका, वॉट निम्मे केले तर जेमतेम ३ डेसिबल उतरतात, कानाला निम्मं वाटायला ताकद एक दशांशावर, म्हणजे दीड वॉटवर आणावी लागते.

"मग दीड वॉटचाच का नाही घेतलास?"

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. गणपतीत मात्र हेच काका गॅलरीत उभे राहून ढोलपथकाला डोळे मिटून दाद देतात. नाशिक ढोल ही परंपरा, माझी गिटार हे ध्वनिप्रदूषण.

भाच्याने तोडगा काढला: "मामा, स्पीकरची वायर काढून वाजव ना." बरं झालं ऐकलं नाही, स्पीकरच्या लोडशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच जळायचा. शेवटी ॲटेन्युएटर आणला. तो जास्तीचे वॉट स्वतःच्या पोटात उष्णता करून जिरवतो. काका खूश. मी अर्धवट, कारण स्पीकरचा कागद जोरात हलल्याशिवाय छातीत काही होत नाही.

मध्येच ॲम्प आपोआप टणटणू लागला. शालिमारजवळच्या म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकांनी मागची फळी काढली, डावा हात खिशात घातला (आत तीनशेच्या वर व्होल्ट, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात) आणि उजव्या हातातल्या पेन्सिलीने एकेका नळीवर टिचकी मारली. तिसरीला स्पीकरातून 'टण्ण'. "ही बोलायला लागली. बदला." पैसे घेतले नाहीत, पण व्हॉल्व्ह रेडिओवर ऐकलेल्या क्रिकेट कॉमेंट्रीवर तासभर व्याख्यान दिलं. हे जास्त महाग पडलं.

घरात ॲम्पची कदर एकट्या आईला. डिसेंबरात नाशिकला दही लागता लागत नाही, आणि ॲम्प नुसता चालू ठेवला, एकही तार छेडली नाही, तरी वरची जाळी चांगली तापते. परवा विरजणाचं भांडं शेजारच्या स्टुलावर ठेवून म्हणाली, "दोन तास लाव रे तुझं ते. वाजवू नकोस फक्त."