‘१०० टक्के रॉयल्टी’ म्हणजे नेमके किती रुपये?

माझी आत्या कराडला असते. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, त्यातली बरीचशी वर्षं पाटण तालुक्यात. त्या दिवसांच्या आठवणी तिने वह्यांत लिहून ठेवल्या आहेत. मी पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करते, त्यामुळे हे काही आत्याचं कौतुक म्हणून सांगत नाही: लेखन चांगलं आहे, पुस्तक व्हावं असंच आहे. परवा तिचा फोन आला. “अगं, पुस्तकाचं जमतंय. चाळीस हजार भरायचे, बाकी सगळं तेच बघतात. रॉयल्टी शंभर टक्के. काल शेवटची तारीख होती, पण माझ्यासाठी एक दिवस थांबलेत.”

हे सगळं सुरू झालं निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आलेल्या, पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या एका कंपनीच्या मेसेजवरून. तोच मेसेज थोड्याफार फरकाने साहित्यप्रेमींच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या, कवितेच्या ग्रुपांवर कधीचा फिरतोय. त्यातले दावे असे. एजंटशिवाय, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणाऱ्या मध्यस्थाशिवाय, कुठलाही प्रकाशक नवोदितांचं हस्तलिखित उघडूनही पाहत नाही, म्हणून ४,९९९ रुपये भरून ‘एजंट पॅनल’वर नोंदणी करा. जुने प्रकाशक लेखकाला १० टक्के देतात आणि ९० टक्के स्वतः खातात, आम्ही १०० टक्के रॉयल्टी (विक्रीतला लेखकाचा वाटा) देतो. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) आणि कॉपीराइट काढला नाही तर लेखन कायद्याने तुमचं राहत नाही. एक पुस्तक लिहा आणि घरबसल्या महिन्याला ५० हजार कमवा. शेवटी पुरावा म्हणून इंग्रजी कादंबरीकार अमीश त्रिपाठींचं नाव: त्यांनीही म्हणे अशीच सुरुवात केली.

एजंटपासून सुरुवात करते. मराठी पुस्तकांच्या व्यवहारात एजंट ही पद्धत रुजलेलीच नाही. मौज असो, राजहंस असो, पॉप्युलर असो, लेखक आणि प्रकाशक यांचा संबंध थेट असतो. लेखक हस्तलिखित किंवा त्याची टाइप केलेली प्रत पाठवतो, सोबत पुस्तकाविषयी पानभर टिपण आणि एखादं प्रकरण देतो, आणि वाट पाहतो. त्यासाठी मध्ये कुणी लागत नाही, कुणाला पैसेही द्यावे लागत नाहीत. भारतात इंग्रजीसाठी साहित्य एजंट आहेत, उदाहरणार्थ रेड इंक, सियाही, रायटर्स साइड. पण जगभर एजंटाची कमाई असते ती कमिशनची. लेखकाला प्रकाशकाकडून जे मिळतं त्यातले साधारण १५ टक्के तो घेतो, आणि लेखकाला काही मिळालं तरच. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत तर वाचनशुल्काला चक्क मनाई आहे. पुस्तक विकण्याआधीच ‘नोंदणी फी’ मागणारा तुमचं प्रतिनिधित्व करत नाही, तो तुम्हालाच गिऱ्हाईक समजतो.

राहता राहिले अमीश त्रिपाठी. त्यांची पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांनी नाकारली हे खरं. मग २०१० साली त्यांचे एजंट अनुज बहरी यांनी स्वतःच ती छापायला घेतली, जाहिरातीची बाजू लेखकाने उचलली, आणि गाजल्यावर एका मोठ्या प्रकाशनाने ती घेतली. म्हणजे ज्या माणसाचं नाव पुढे करून एजंटसाठी पैसे मागितले जात आहेत, त्याच्या बाबतीत एजंटनेच पुस्तकात पैसे घातले होते. शिवाय ती इंग्रजी बाजारपेठेतली गोष्ट. आमच्या आत्याच्या मराठी आठवणींना तिचा दाखला लावणं ही शुद्ध दिशाभूल आहे.

आता ती १०० टक्के रॉयल्टी. याच आकड्याला माणसं भुलतात, म्हणून इथे जरा थांबते.

आत्याला मी त्या कंपनीची सगळी कागदपत्रं पाठवायला सांगितली. त्यात एक ‘रॉयल्टी तक्ता’ होता. पुस्तकाची छापील किंमत २५० रुपये. त्यातून ऑनलाइन दुकानाचं कमिशन ५० टक्के, म्हणजे १२५ रुपये वजा. मागणीप्रमाणे एकेक प्रत छापायची, तिचा छपाईखर्च ९२ रुपये, तोही वजा. हाताळणी आणि व्यवस्थापन १८ रुपये. उरले १५ रुपये. या १५ रुपयांचे १०० टक्के लेखकाला!

म्हणजे छापील किमतीच्या ६ टक्के. ज्या जुन्या प्रकाशकाला ‘१० टक्केवाला’ म्हणून नावं ठेवली, त्याचे १० टक्के छापील किमतीवर धरले तर प्रतीमागे २५ रुपये होतात, आणि त्यासाठी लेखकाने खिशातून एक पैसा घातलेला नसतो. इथे ३९,९९९ रुपये आधी भरायचे, आणि प्रतीमागे १५ रुपयांनी ते वसूल व्हायला २,६६७ प्रती विकल्या जायला हव्यात. मराठीत पहिली आवृत्ती आज बऱ्याचदा ५०० प्रतींची, कधी त्याहूनही कमी निघते. निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनीतून हे पैसे जाणार होते. आणि रक्कम चुकती केली की या मंडळींचा धंदा पूर्ण झाला. त्यानंतर एक प्रत विकली गेली काय आणि हजार गेल्या काय, त्यांना फरक पडत नाही. विक्रीसाठी धडपड करायचं कारणच उरत नाही.

‘९० टक्के खातात’ हेही धादांत खोटं. त्या ९० टक्क्यांतून विक्रेत्याची आणि वितरकाची सवलत जाते, आणि ती सहज ३० ते ५० टक्के असते. शिवाय कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, मुखपृष्ठाच्या चित्रकाराचं मानधन, संपादन, मुद्रितशोधन, गोदामाचं भाडं, आणि न खपलेल्या गठ्ठ्यांचा तोटा. प्रकाशक हा सगळा खर्च पहिली प्रत विकण्याआधी करतो. आणखी एक गोष्ट पाहा. लेखकांना करसवलत देण्यासाठी १९६१ च्या आयकर कायद्यात ८० क्यूक्यूबी हे कलम घातलं गेलं. जुन्या करप्रणालीत साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय पुस्तकांच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट त्यातून मिळायची. रॉयल्टी ठोक रकमेत नसेल तर विकलेल्या पुस्तकांच्या किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंतचीच रॉयल्टी तिथे हिशेबात धरली जायची. लेखकाच्या बाजूने केलेल्या तरतुदीतही १५ टक्क्यांपुढचा विचार नाही, आणि हे १०० टक्के वाटायला निघालेत.

मात्र त्या कागदांत सर्वांत घातक गोष्ट ही नव्हती. ती करारपत्राच्या चौथ्या पानावर, बारीक अक्षरांत होती: ‘लेखक सदर कृतीचे सर्व हक्क, सर्व भाषांत, विद्यमान व भविष्यातील सर्व माध्यमांत, जगभरासाठी व कायमस्वरूपी कंपनीस हस्तांतरित करीत आहे.’ आत्याने ते वाचलंच नव्हतं. “त्यांनी सांगितलं, साधा करार आहे, शेवटच्या पानावर सही करून फोटो पाठवा.”

तिच्या वहीत एक प्रकरण आहे. पावसाळ्यात मुलं इरली पांघरून डोंगर उतरून शाळेत यायची. ओसरीत इरल्यांची रांग लागायची, आणि कुठलं इरलं भिंतीशी नाही हे पाहून बाईंना कळायचं, आज कुणाच्या वाटेवरच्या ओढ्याला पाणी आलंय. उद्या कुणाला त्यावर लघुपट करावासा वाटला, कुणाला त्याचं हिंदी भाषांतर करायचं असलं, एखाद्या ऑडिओबुकवाल्याने ते मागितलं, तर परवानगी द्यायचा अधिकार आत्याला उरला नसता. मोबदला तिला नाही, कंपनीला. आणि हे सगळं तिनेच चाळीस हजार मोजून दिलेलं असतं. पैसेही तुम्ही द्यायचे आणि हक्कही तुम्हीच द्यायचे, असा व्यवहार दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालतो?

प्रत्येक नव्या लेखकाने कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १९ वाचावं, दोन पानांच्या आत संपतं. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. कुठल्या कृतीचे, कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती रॉयल्टीवर, हे करारात असायला हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं समजली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. कलम १८ मधल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचे हक्क त्या माध्यमाचा खास उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत. कायद्याने करारातली मोकळी जागा लेखकाच्या बाजूने भरून ठेवली आहे. म्हणूनच असे करार ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’, ‘सर्व माध्यमे’ हे शब्द न चुकता लिहितात. नेमके हेच शब्द खोडायला सांगायचे: मराठी छापील आवृत्तीचे हक्क, इतक्या वर्षांसाठी, बस्स. ई-पुस्तक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट आणि मालिका यांचं ज्याचं त्याचं वेगळं बोलणं.

कॉपीराइट आणि आयएसबीएन यांच्याबद्दल फार लिहायची गरज नाही. लिहिलेलं लेखन लिहिल्या क्षणापासून लेखकाचं असतं आणि मृत्यूनंतरही ६० वर्षं त्याच्या वारसांचं राहतं. नोंदणी सक्तीची नाही. वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते, म्हणून करायचीच असेल तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो. तो फक्त पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे, त्याने मालकीही सिद्ध होत नाही आणि दर्जाही. आत्याच्या चाळीस हजारांच्या पॅकेजात या दोन गोष्टींचे सात हजार लावले होते.

महिन्याला ५० हजार? २५ रुपये प्रतीमागे धरले तर दर महिन्याला २,००० प्रती. मराठीत असे लेखक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांचीही ती पहिल्या पुस्तकाची कमाई नसते. पहिल्या पुस्तकाच्या ५०० प्रती सगळ्या खपल्या तर साडेबारा हजार रुपये होतात, तेही आर्थिक वर्ष संपल्यावर, हिशेब होऊन. लिहून पैसे मिळवणारी माणसं मी रोज पाहते. ती भाषांतरं करतात, दिवाळी अंकांत लिहितात, सदरं चालवतात, ऑडिओसाठी आणि मालिकांसाठी लिहितात. पुस्तकामुळे ही कामं मिळतात, ही त्याची खरी मिळकत. ई-पुस्तक स्वतःच काढायचं असेल तर किंडलवर मराठी चालतं, फी लागत नाही, आणि रॉयल्टी ३५ किंवा अटी पाळल्या तर ७० टक्के, टक्केवारीसह उघड लिहिलेली.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. हा मेसेज इतका पसरतो याला आमचं क्षेत्रही जबाबदार आहे. हस्तलिखित महिनोन्‌महिने पडून राहतं, नकाराचं दोन ओळींचं पत्रही येत नाही. कवितासंग्रह म्हटला की चांगले म्हणवणारे प्रकाशकही कवीला ‘दोनशे प्रती तुम्ही घ्या’ म्हणतात. रॉयल्टीचा हिशेब मागितल्याशिवाय न पाठवणारेही आहेत. या अनुभवाने पोळलेला माणूस ‘आम्ही लगेच छापतो’ म्हणणाऱ्याकडे वळतो. आणि स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. पण मग सरळ काढावं: अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, छपाई यांचे वेगवेगळे दर घ्यावेत, आयएसबीएन स्वतःच्या नावावर घ्यावा, छापलेल्या प्रती आणि सगळे हक्क स्वतःकडे ठेवावेत. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहावी. ती पहिल्याच पुस्तकासाठी आहे. वेळ लागतो, पण तिथे पैसे लेखकाकडून जात नाहीत. पुस्तक निघाल्यावर राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार आहेत, काव्याला बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, कादंबरीला श्री. ना. पेंडशांच्या. तिथेही पुस्तक जरूर पाठवावं.

ज्यांनी पैसे आधीच भरले आहेत त्यांनी गप्प बसू नये. लाजेने माणसं घरातही सांगत नाहीत, आणि त्यावरच हे चालतं. पैसे मोजून सेवा घेतली की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दाद मागता येते. आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मूळ मेसेज, पैसे भरल्याची पावती, करारपत्राची सगळी पानं आणि ‘शेवटची तारीख’ सांगणारे चॅट जपून ठेवा, त्यातलं काहीही डिलीट करू नका.