पाचव्या दिवशी बरणीत ओला चमचा

लोणचं घालून पाचवा दिवस हो! दादरा सोडून ओट्यावर फेकलेला, झाकण उलटं आणि बरणीत चमचा उभा. ओला. नुसता ओला असता तरी एक वेळ गिळलं असतं, पण त्याच्या दांड्याला दही! दही!!

आठ किलो कैऱ्या होत्या. पहाटे बाजारात जाऊन, बाठ धरलेल्या, एकेक दाबून घेतलेल्या. फोडून देणाऱ्याने निम्म्या फोडींचा चुरा केला, तो राग वेगळाच. मग घरी येऊन फोड न् फोड फडक्याने पुसली, मीठ-हळद लावून ठेवली, मोहरीची डाळ, मेथी, हिंग. शेंगदाण्याचं तेल कडकडीत तापवून गार करत ठेवलं, तर आमच्या जळगावच्या उकाड्यात ते गार व्हायलाच रात्र झाली. आणि हा भाचा शांतपणे म्हणतो, "आत्या, फोडी अजून कडकच आहेत गं."

कडक असणारच ना बाबा! मुरायचंय ते!

आता खरी आग कुठे आहे ते सांगते. हा राहतो मँचेस्टरला. तिथे ती वेपची, म्हणजे ई-सिगारेटची, वाफ ओढतो. व्हिडिओ कॉलवर मला हौसेने कपाट दाखवलं होतं: वेपमध्ये भरायच्या द्रवाच्या, औषधासारख्या इवल्या बाटल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख. 'स्टीपिंग' म्हणे. अंधारात ठेवायची, उन्हापासून जपायची, अधूनमधून हलवायची. फळांच्या चवीची लवकर तयार होते, पण कस्टर्ड आणि तंबाखूच्या चवीला तीन-चार आठवडे हवेतच. ग्लिसरीन घट्ट असतं, त्यात अर्क एकजीव व्हायला वेळ लागतो. निकोटीनला हवा लागून रंग गडद होतो, तेही कौतुकाने दाखवलं. मी म्हटलं, "म्हणजे लोणचंच की रे." तर हसला. एकदा घाईने आठव्या दिवशी ओढली तर परफ्यूम प्यायल्यासारखं लागलं, म्हणून बाटली परत कपाटात ठेवली म्हणे. धुरासाठी महिनाभर कळ काढणारा हा माणूस माझ्या बरणीपुढे पाच दिवस थांबत नाही! आपल्याकडे २०१९ पासून त्या ई-सिगारेटवर बंदी, म्हणून सामान तिकडेच ठेवून आलाय. तोंड रिकामं, त्याची भरपाई माझ्या खाराने, म्हणजे या लोणच्याने.

"काय करी राह्यना रे तू?" असं ओरडले तर शेजारीण खिडकीत. ही तीच, जी दरवर्षी "चवीपुरतं द्या" म्हणत किलोचा डबा पुढे करते आणि डबा भरून दिला की "यंदा मीठ जरा पुढे आहे" असं ऐकवते. नणंदबाई तर पाकिटातला मसाला कालवतात, तिसऱ्या दिवशी वाढतात आणि त्याला घरचं लोणचं म्हणतात. भरताची वांगी गॅसवर भाजणारी माणसंही याच पंगतीतली. आणि या पोराने लहानपणी बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ निम्मं कच्चंच संपवलं होतं, ते मी विसरलेले नाही.

असो. वरचा थर काढून टाकला, नवीन तेल तापवून, गार करून ओतलं. फोडी बुडाल्या. हे सगळं चालू असताना माझी बडबड अखंड होतीच. तेवढ्यात पेपरमधून डोकं वर न काढता हे म्हणाले, "पोरगं काल रात्री आलं. बरणी तर परवाच चार बोटं खाली गेली होती."

मी मीठ बघत होते. मीठ बघावंच लागतं. रोज संध्याकाळी, एकच फोड, कोरड्या चमच्याने. खिचडी असेल तर दोन. त्यावर कच्चं तेल आणि बाजूला खार नसेल तर ती खिचडी आजाऱ्याची वाटते, त्याला मी काय करू?

बरणी आता लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली आहे. किल्ली माझ्याच कमरेला आहे, तेवढीच काळजी वाटते.