लोखंडी खवल्यांची गोगलगाय

समुद्राखालचं जग म्हटलं की आपल्याला अंदमानची नाहीतर मालवणची प्रवाळं आणि रंगीत मासे आठवतात. मला मात्र गेले काही दिवस एका गोगलगायीने वेड लावलंय. राहते आपल्याच हिंदी महासागरात, पण सुमारे अडीच किलोमीटर खाली, मिट्ट काळोखात.

तिथे समुद्रतळाला भेगा आहेत. त्यांत झिरपलेलं पाणी शिलारसाच्या धगीने तापतं, खडकातलं लोखंड, तांबं, जस्त विरघळवून घेतं आणि उसळून वर येतं. कुठे कुठे ३५० अंश सेल्सियस, तरी वरच्या प्रचंड दाबामुळे उकळत नाही. गार पाण्याला भिडलं की खनिजं साकळतात आणि काळा धूर ओकणारी धुराडी उभी राहतात. १९७७ साली पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांजवळ माणसाने समुद्रतळावरचे उष्ण झरे पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. इतक्या खोल जीवांची एवढी गर्दी असेल, असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

आमची गोगलगाय २००१ साली मॉरिशसच्या आग्नेयेला, काइरेई नावाच्या झऱ्यांपाशी सापडली. तिच्या पायावर खवले आहेत, आणि त्यांच्यावर लोखंडाच्या सल्फाइडचा, म्हणजे लोखंड-गंधकाच्या संयुगाचा लेप! शंखाचा बाहेरचा थरही त्याचाच. सॉलिटेअर नावाच्या दुसऱ्या जागी पाण्यात लोह कमी, तर तिथली हीच गोगलगाय पांढरी. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणतो आपण. हिच्या पोटात जिवाणू आहेत. कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या वायूवर ते जगतात आणि ती त्यांच्यावर. ऊन नाही, झाडपाला नाही, तरी संसार चाललाय.

२०१९ साली तिचं नाव धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत गेलं. कारण काय, तर खाणकामाची भीती. त्या धुराड्यांत धातू आहेत ना!

भारतानेही २०१६ मध्ये हिंदी महासागरातल्या १०,००० चौरस किलोमीटरमध्ये धातूंच्या अशा सल्फाइडचा शोध घेण्याचा करार केलाय. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी ४,५०० मीटरवरच्या धगधगत्या झऱ्याचे फोटो मिळवले. त्यात गोव्यातल्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचा वाटा होता. मला मनापासून अभिमान वाटला. पण लोक बोलत होते ते तांब्या-सोन्याबद्दल. तिथे कोण राहतं, हे फारसं कुणी विचारलंच नाही.

तांबं लागणार आहे, मान्य. शोध जरूर घ्या, फोटो काढा, नमुने आणा. थंड पडलेल्या धुराड्यांबद्दल बसून बोलू. पण जी अजून धुमसतायत, त्यांच्यावर खाणीचं यंत्र उतरवणार नाही, हे भारताने आत्ताच जाहीर करावं. करार शोधाचा आहे तोवरच.