त्या थव्याच्या फोटोला बदाम देणाऱ्यांनो

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून सरळ लिहिते. ज्यांना लांबड वाटेल त्यांनी पुढे जावं.

आज पहाटे पैठणला नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर गेले होते. धरणाच्या मागच्या अंगाला, पाणी ओसरलंय तिथं उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी हरभरा पेरलाय, गाळपेर केलीय, त्या काठाला. दिवस उगवायचा होता. पाण्याच्या कडेला पट्टकादंबांचा, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या रानहंसांचा मोठा थवा बसलेला. कुणी एका पायावर, मान पाठीत खुपसून झोपलेले. कुणी चिखलात चोच घालून चाचपतायत. मी बांधाच्या आडोशाला पोटावर पडून कॅमेरा मातीच्या ढेकळावर टेकवला होता आणि उजेडाची वाट बघत होते. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असतात. कोवळं ऊन तिरपं आलं की ते पट्टे असे उठून दिसतात, काजळानं ओढल्यासारखे.

तेवढ्यात मागून गाडी आली. डांबरी सोडून थेट काठापर्यंत आत घातलेली. चार-पाच पोरं उतरली, सगळ्यांकडे सहाशे मिलिमीटरच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सा. ट्रायपॉड लागले. आणि त्यांतला एक जण टाळ्या वाजवत सरळ थव्यावर पळत सुटला. बाकीचे ओरडतायत, "उडव, उडव! डावीकडून जा, डावीकडून!" मागचे पक्षी नुसतेच चार पावलं सरकले, तर त्यानं दगड उचलून भिरकावला. सगळा थवा एकदम उठला. अर्धा मिनिट शटरांचा खडखडाट, आणि आटोपलं. मंडळी गाडीत बसून नाष्ट्याला.

निघता निघता मी विचारलं, "अरे बाळा, कशाला उठवलंस त्यांना?" उत्तर काय मिळालं माहितीय? "मॅडम, बसलेल्या पक्ष्याला लाईक कोण देतं?"

संध्याकाळी तो फोटो आपल्या पक्ष्यांच्या फोटोंच्या ग्रुपवर आला. वर 'निसर्गाची मुक्त उधळण' असं लिहिलेलं. खाली बदामांचा पाऊस. त्यात माझ्या यादीतली कितीतरी नावं. माझ्याबरोबर हिंडलेली, मुलांना झाडं लावायला नेणारी माणसं. तुम्हाला ठाऊक नव्हतं तो थवा कसा उठला ते, मान्य. आता कळलं ना?

हे पक्षी कुठून येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. लडाख, तिबेट, मंगोलियातल्या तळ्यांवर त्यांची पिल्लं होतात आणि थंडी पडली की हिमालय ओलांडून ते आपल्याकडे उतरतात. त्यांच्या पाठीवर यंत्रं लावून माग काढलाय लोकांनी, सात हजार मीटरच्या वरून उडाल्याची नोंद आहे. जिथं आपल्याला चार पावलं चालताना धाप लागेल तिथं ते पंख मारत असतात. इथं आल्यावर रात्री हरभऱ्यात-गव्हात चरायचं आणि दिवसा पाण्याकाठी विसावायचं, असा त्यांचा क्रम. फाल्गुनातल्या नाथषष्ठीच्या आगंमागं परतीची हालचाल सुरू होते, आणि त्या परतीसाठी लागणारी चरबी इथल्या चार महिन्यांतच अंगावर धरायची असते. हिवाळ्यातल्या सकाळी त्यांना फुकट उडवणं म्हणजे त्यांनी साठवलेलं काढून घेणं. आणि एकदा नव्हे. शनिवारी एक गाडी, रविवारी तीन. त्यांनी बसायचं तरी कुठं?

मला आज दिवसभर आमचे आबा आठवतायत.

गेवराई तालुक्यात गोदाकाठच्या गावाला आमचं शेत. मे महिन्यात आबा वखराची पाळी घालत होते, मी बांधावर. मधेच बैल थांबले. पुढं टिटवी दोन्ही पंख पसरून उभी, बैलांच्या तोंडावर ओरडतेय. तिच्या मागं मातीत नुसत्या खळग्यात चार अंडी. ढेकळांच्या रंगाची, तपकिरी ठिपक्यांची, दाखवल्याशिवाय दिसायची नाहीत. आबांनी औत उचलून बाजूला घेतलं, तेवढा तुकडा तसाच सोडला आणि चारी बाजूंनी लांब लांब तुराट्या रोवल्या, म्हणजे दुसरं कुणी औत घेऊन आलं तर त्याला कळावं. मला जवळ जाऊन बघायचं होतं. आबा म्हणाले, "लांबूनच बघ. तू हितं उभी हायेस तवर ती आंड्यावर बसायची न्हाई, आन् आंडी भाजून निघतील."

एवढंच बोलले ते. पण सगळं त्यातच आलं. आपण जवळ उभं राहिल्याचीसुद्धा किंमत पक्षी मोजतो, हे पुस्तकाचं तोंड न पाहिलेल्या माणसाला उमगलं होतं. ते खरंही आहे. मे महिन्यात टिटवी अंडी उबवते त्यापेक्षा उन्हापासून जपतेच जास्त. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. हे मी पुढं कित्येक वर्षांनी स्वतःच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. पिसांच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंब दिसतो हो त्या फोटोत! तो फोटो रस्त्याच्या पलीकडून, झाडाखाली बसून काढलाय, कारण माझा साधा निकॉनचा पी-900 कॅमेरा आहे आणि त्याला झूम भरपूर. सांगायचं काय, लांबून फोटो निघतो. ज्यांच्याकडे माझ्या कितीतरी पट महागाची लेन्स आहे त्यांनी पळत पक्ष्यांच्या अंगावर का जावं?

आणि नुसतं फोटोच्याच बाजूनं बोलायचं तरी उडवलेल्या थव्याचा फोटो वाईटच येतो. आज ग्रुपवर आलेला नीट बघा. सगळ्या शेपट्या! तुम्हाला भिऊन उठलेला पक्षी तुमच्याकडे तोंड करून कसा येईल? तो पाठ फिरवूनच पळणार. त्यापेक्षा वारा कुठून येतोय ते बघावं आणि वारा पाठीवर घेऊन बसावं. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उडतो, म्हणजे आपणहून उठला तर तुमच्याच दिशेनं येतो. बदकं-हंस उठायच्या आधी माना वर करतात, डोकी झटकतात, आपसांत बोलायला लागतात. तेवढ्यात कॅमेरा सावरून घ्यायचा. मग डोळे दिसतात, नारिंगी चोच दिसते, आणि पायांनी उडालेल्या पाण्यावर ऊन दिसतं. याला बसावं लागतं. कधी थवा उठतच नाही. नाही तर नाही. त्या दिवशी पाणी आहे, उजेड आहे, त्यांचे फोटो काढा.

हे मला फार वाटतं. लोक म्हणतात मराठवाड्यात काय आहे फोटो काढायला, दुष्काळ आणि टँकर. अरे, पावसाळ्याच्या तोंडावर वारं सुटलं की नाथसागराच्या लाटा धरणाच्या दगडी पिचिंगवर कशा आपटतात ते बघितलंय का कुणी? पलीकडचा काठ दिसत नाही. समुद्र नसलेल्या मुलखात आपल्याला एवढं पाणी मिळालं, 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पाया घातला आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरण लोकांच्या स्वाधीन झालं, तेव्हा कुणी पक्ष्यांचा विचारही केला नसेल. तरी पक्षी आले. उथळ पाणी, लांबच लांब चिखल, गाळपेरीचा हिरवा दाणा, त्यांना हेच हवं होतं. रोहित (फ्लेमिंगो) आले, चक्रवाक आले, थापटे, तलवार बदकं आली. 1986 साली अभयारण्य झालं. या पाण्यासाठी किती गावं उठली, किती जणांची काळी रानं बुडाली ते पैठण-गंगापूर-शेवगावच्या माणसांना विचारा. माणसांना उठवून झालेलं पाणी आहे ते. आता तिथं विसावलेल्या पक्ष्यांनाही उठवायचं?

बरं, कुणीतरी म्हणेलच म्हणून आधीच लिहून टाकते. मासेमारीच्या होड्यांनीही पक्षी उठतात. उठतात. तो त्यांचा पोटाचा धंदा आहे, आणि रोजची तीच होडी, तीच वाट असली की पक्ष्यांनाही ती सवयीची होते. शेतकरी ज्वारीवर थव्यानं उतरणारे भोरड्या पक्षी गोफण मारून हाकलतो. हाकलतो, कारण थव्यानं कणसं झोडली तर वर्षाची भाकर जाते. आबाही शेतातल्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे. पण तेच आबा टिटवीपुढं औत उचलून घेत होते. कुठं हाकायचं आणि कुठं थांबायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. अभ्यासक पक्षी पकडतात, पायात कडी घालतात, हेही खरं. पण ते परवानगी काढून, कामापुरतं आणि शिकलेल्या हातांनी. त्याची बरोबरी एका फोटोशी करू नका.

त्या पोराबद्दल मगापासून तिखट लिहितेय, तर हेही लिहायला हवं. तो वाईट नाही. बोलण्यावरून कुठल्यातरी खेड्यातलाच वाटला. थंडीत पहाटे चारला उठून आला असणार, आणि त्या वयातली बाकीची पोरं रविवारी कुठं बसलेली असतात ते आपण बघतोच. हौस आहे त्याला. मी विचारलं तेव्हा त्याचा चेहरा क्षणभर उतरला होता, मला दिसलं. 'लाईक कोण देतं' हे तो उर्मटपणानं बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटतं, कारण आपण त्याला तेच दाखवलंय. त्यानं आजवर बसलेल्या पक्ष्याचे फोटो टाकलेच असतील, आणि आपण अंगठा सरकवून पुढं गेलो असू. मग त्याला कळलं, थवा उठला की लोक थांबतात.

माझा खरा राग मोठ्यांवर आहे. जे ग्रुप चालवतात, कार्यशाळा घेतात, स्पर्धेला परीक्षक म्हणून बसतात. नोव्हेंबरात 5 तारखेपासून 12 पर्यंत पक्षी सप्ताह साजरा करतात. रानावर, पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्ली सरांच्या जन्मदिवसापासून पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणून तर ते दिवस धरलेत. चितमपल्ली सर गेल्यावर, 2025 च्या जूनमध्ये, याच लोकांनी पानं भरभरून श्रद्धांजली लिहिली. आयुष्यभर रानात हळू चाललेला माणूस तो. आणि आज त्या फोटोखाली यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही की बाबा, सगळे पक्षी एकाच वेळी, एकाच दिशेला, पाठमोरे का उडतायत? जाणकाराला बघता क्षणी कळतं. कळलं असणार. तरी वर 'अप्रतिम टायमिंग!' असं लिहिलं. याला काय म्हणायचं?

आता उन्हाळा येईल आणि घरट्यांचे फोटो सुरू होतील. दरवर्षी बघते. घरटं नीट दिसावं म्हणून पुढची फांदी छाटायची. आडोसा गेला की पिल्लं उन्हात पडतात, कावळ्याला आणि शिक्र्याला दिसतात. फोटोत चार चोची उघड्या, खाली 'मातृत्व' असं लिहिलेलं, आणि चार दिवसांनी घरटं रिकामं. त्या रिकाम्या घरट्याचा फोटो कुणी टाकत नाही. पहिल्या पावसात नवरंग पक्षी आला की मोबाईलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं. तो बिचारा दुसरा नर आपल्या जागेत शिरला समजून भांडायला येतो, आणि हे त्याला तासभर नाचवतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यात अंडी-घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत धरलंय. शिकारीच्या! हे माहीत नसलेला एकही माणूस त्या ग्रुपच्या व्यवस्थापकांत नाही.

आबांना कायदा माहीत नव्हता. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला आणि खोलगटात घातली तर ओढ, एवढं ते मानायचे, आणि दर मे महिन्यात कुठं घातली ते बघून ठेवायचे. त्यानं पाऊस पडतो का, ते सोडा. पण त्या निमित्तानं ते तिच्याकडे बघायचे. त्या वर्षी तुराट्यांच्या आतला तुकडा पेरणीपर्यंत तसाच राहिला. शेजारच्यांनी विचारलं, एवढी जागा पडीक का ठेवली? आबा म्हणाले, "तिचं होऊ द्या, मंग बघू." पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच पळायला लागतात. ती आईमागं बांध ओलांडून गेल्यावरच तिथं औत फिरलं. कोरडवाहू शेतकऱ्याला पेरणीच्या दिवसांत वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, किती मोलाचा असतो, ते आपल्यातल्या प्रत्येकाला कळतं. तो माणूस थांबू शकला. आपल्याला एका फोटोसाठी थांबवत नाही.

आणि हे कुठं चाललंय? पैठणला. काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणाऱ्या नाथांच्या गावात. त्यांच्याच नावाच्या पाण्याकाठी पक्ष्यांवर दगड.

मी त्या फोटोखाली शांतपणे, कुणाचं नाव न घेता दोन ओळी लिहिल्या होत्या. अर्ध्या तासात काढून टाकल्या गेल्या. 'ग्रुपचं वातावरण बिघडतं' असा निरोप आला. म्हणून हे इथं लिहिलं.

व्यवस्थापकांना जाहीर सांगते. मला तीन गोष्टी हव्यात. हुसकावून काढलेला फोटो ग्रुपवर ठेवायचा नाही. विणीच्या हंगामात घरट्याचा फोटो घ्यायचाच नाही, कितीही सुंदर असो. फोटोसोबत पक्ष्यांची नेमकी जागा टाकायची नाही, तालुका पुरे. रविवारपर्यंत हे झालं तर आनंदानं राहीन. नाही तर मी बाहेर पडते, आणि शाळेतल्या मुलांची नाथसागरावरची फेरी जी ग्रुपच्या नावानं निघायची ती यंदा मी माझ्या जबाबदारीवर नेईन.

आजच्या त्या मुलालाही यायचं असेल तर त्यानं यावं. ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर त्याला सांगा. मी त्याच्यावर रागावणार नाही, माझ्या शेजारी बसायला जागा देईन. पहाटे साडेपाचला पैठणच्या बसस्थानकावर भेटायचं. दुर्बीण नसली तरी चालेल, भडक कपडे नकोत, गाडी वरच्या डांबरीलाच लावायची आणि तिथून पुढं चालत.