३१ मेचे सतरा वाढदिवस

रविवारी सकाळी सव्वासातला बेल वाजली आणि थांबेचना. दारात बी विंगमधले काका. हातात मोबाइल, मोबाइलवर मी लिहिलेल्या सोसायटीच्या अ‍ॅपचा फुग्यांसकट संदेश: ‘८२व्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!’

“आज तारीख काय?”

“एकतीस.”

“आणि माझा वाढदिवस?”

काकांचा वाढदिवस १ जूनला. सोसायटीतल्या आणखी सोळा ज्येष्ठांचाही १ जूनलाच. शाळेत नाव घालताना मास्तरांना तारीख हवी असायची, घरच्यांना ती ठाऊक नसायची, मग मास्तर १ जून ठोकून मोकळे व्हायचे. या सतराही जणांना माझ्या अ‍ॅपनं एक दिवस आधीच ओवाळून टाकलं होतं.

चूक माझीच. फॉर्ममध्ये नुसती तारीख भरली तरी प्रोग्राम तिला रात्री बाराचं शेपूट जोडतो, यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत, नेताना साडेपाच तास वजा करतो, आणि डेटाबेसात पडतं ३१ मे, संध्याकाळचे साडेसहा. शुभेच्छा पाठवायला रोज सकाळी आपोआप चालणारा प्रोग्राम वेळ कापून तारीख तेवढी वाचतो. याच चुकीवरून मी ऑफिसात दोन ज्युनियरना व्याख्यान दिलेलं आहे, हे इथे सांगायची खरं तर गरज नव्हती.

“काका, सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर चालतो. आपण साडेपाच तास पुढे.”

“साडेपाचच का?”

“साडेब्याऐंशी रेखांशाची रेषा मिर्झापूरजवळून जाते, तिच्यावरून ठरलंय.”

“मिर्झापूर? यूपीतलं?” काका आत येऊन बसले. “म्हणजे पुण्याचा सूर्य यूपीवाल्यांना विचारून उगवतो?”

“नाही, आपल्याकडे तो साधारण चौतीस मिनिटं मागे असतो.”

“बघ! आणि तू मला एक दिवस पुढे ढकललास.”

चहा झाला. काकांना पटावं म्हणून मी लॅपटॉप उघडून ती यादीच दाखवली. सोळा जणांपुढे १८:३०. काकांपुढे १७:३०. मला घाम फुटला. आता ही दुसरी भानगड कुठली? शोधाशोध केल्यावर कळलं, काकांचं साल १९४४. महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, भारतातली घड्याळं तासभर पुढे होती, आणि टाइमझोनच्या डेटाबेसनं ते इमानानं लक्षात ठेवलंय. म्हणजे ज्या दिवशी काका जन्मलेच नाहीत, त्या दिवशी किती वाजले होते हे संगणकाला अगदी बिनचूक माहीत!

“मग खरा वाढदिवस कधी हो?”

“आई म्हणायची, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, कोंबडं आरवायच्या आधी. म्हणजे बेंदरालाच. आपला दिवस सूर्य उगवल्यावर बदलतो. रात्री बाराला काय बदलतं? भुतं?”

“म्हणजे तिथंही एक दिवस सरकलाच की!”

“तो आईनं सरकवलाय. तू कोण?”

याला उत्तर नव्हतं. तरी मी म्हणालो, “पण मग १ जून खोटाच ना?”

“खोटा कसा? त्याच तारखेवर अठ्ठावन्नला रिटायर झालो. पेन्शन घेतोय. तुझ्या सर्व्हरला मिळते का पेन्शन?”

सर्व्हरचं सोडा, मलाच कुठे काय मिळतं? हे अ‍ॅप फुकटातलं. “तू सॉफ्टवेअरवाला ना, दहा मिनिटांचं काम,” असं सेक्रेटरी म्हणाले होते. प्लंबरला कोणी असं म्हणून बघावं. माझे चार शनिवार गेले. सोमवार ते शुक्रवार तर आधीच न्यूयॉर्कला वाहिलेले. तिकडे सकाळी दहाची मीटिंग म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ मागे घेतात, त्यांना एक तास झोप जास्त मिळते, आणि सोमवारपासून माझे साडेआठ होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत घरातलं वरण माझ्याशिवाय गरम असतं. इतक्या वर्षांत एकानंही ‘तुम्हाला चालेल ना?’ असं विचारलेलं नाही. मुलगी लहानपणी विचारायची, बाबा रोज रात्री कोणाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो? तेव्हा हसायचो मी.

असो. दुपारी बसून दुरुस्ती केली: वाढदिवस ही वेळ नाही, नुसती तारीख आहे, तिला घड्याळ बांधायचंच नाही. दोन ओळींचा बदल. सोमवारी, १ जूनला, सतराही जणांना पुन्हा फुगे गेले. सोळा जणांनी आभाराचे हात जोडून पाठवले. त्यातल्या एका आजींनी विचारलं, दोनदा आलंय, तर केकही दोनदा का?

काकांकडून काहीच आलं नाही. आला तो सेक्रेटरींचा मेसेज, रात्री पावणेआठला, मी न्यूयॉर्कला ‘गुड मॉर्निंग’ म्हणत असताना: ‘बी विंगच्या काकांची सूचना चांगली आहे. वाढदिवस तिथीनेही कळवावेत. बेंदूर वगैरे. दिवस सूर्योदयापासून धरावा, पण सूर्योदय पुण्याचा, मिर्झापूरचा नको. दहा मिनिटांचं काम आहे.’

मी उत्तर दिलेलं नाही. पण मेसेज उघडून बसलो, तेव्हा निळ्या खुणा त्यांना दिसल्याच असणार.