पडदा शाबूत म्हणजे कान शाबूत नव्हे

गणपती जवळ आले की नाशिकमध्ये ढोल पथकांचा सराव सुरू होतो, आणि सरावाहून आलेली पोरं कानाला दडे बसल्याचं सांगतात. घरचे म्हणतात, "पडदा फाटला नाही ना, एकदा दाखवून ये." डॉक्टर कानात बघतात, पडदा नीट असतो, सगळे निर्धास्त होतात. या निर्धास्त होण्यालाच माझा आक्षेप आहे. ताशाने, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपने किंवा मोठ्या आवाजातल्या इअरफोनने जे बिघडतं ते पडद्याच्या बरंच आत असतं. कानात टॉर्च मारून ते दिसत नाही.

पडदा आणि त्यामागची हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं आवाज फक्त पोचवतात. अर्थात हे पोचवणंही सोपं नाही. रामकुंडात डुबकी मारली की काठावरचं बोलणं जवळजवळ ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यावर आदळून 99.9 टक्के माघारी फिरतो. आतला कान द्रवाने भरलेला असल्यामुळे तिथेही हीच अडचण आहे. त्यावर तोड अशी की पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या साधारण 17 पट आहे आणि हाडांची तरफ त्यात 1.3 पटीची भर घालते. दोन्ही मिळून दाब सुमारे 22 पट होतो. तेवढा दाब मिळाला की द्रव हलतो.

खरं ऐकणं पुढे, कॉक्लिआमध्ये. शंखासारखी अडीच वेढ्यांची ही नळी उलगडली तर जेमतेम 35 मिलिमीटर भरते, आणि ती कवटीच्या अतिशय कठीण हाडात बसवलेली असते. तिच्या आतून लांबीभर एक लवचीक पट्टी जाते, बॅसिलर मेम्ब्रेन. रिकिबीजवळ ही पट्टी अरुंद आणि ताठ, टोकाकडे रुंद आणि सैल. म्हणून 20,000 हर्ट्झचा बारीक आवाज अगदी सुरुवातीला पट्टी हलवतो आणि 20 हर्ट्झचा खर्ज पार टोकाला. ताशाची कडकड आणि ढोलाचा घुमारा एकाच वेळी कानात शिरले तरी पट्टीवर त्यांच्या जागा वेगळ्या. द्रव दाबला जात नाही, म्हणून रिकीब आत गेली की कॉक्लिआच्या दुसऱ्या छिद्रावरचं, म्हणजे गोल खिडकीवरचं, पातळ आवरण तेवढंच मध्यकर्णाकडे फुगतं. ती सोय नसती तर पट्टी हललीच नसती. पट्टीवरून धावणारी ही लाट गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानात पाहिली आणि त्या कामासाठी त्यांना 1961 चं नोबेल मिळालं. जिवंत कानात हीच लाट कितीतरी टोकदार असते.

त्याचं कारण केसपेशी, आणि माझा सगळा जीव त्यांच्यात अडकला आहे. पट्टीवर आतल्या केसपेशींची एक रांग असते, सुमारे 3,500 पेशींची. बाहेरच्या केसपेशींच्या तीन रांगा, सुमारे 12,000. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी 12 कोटींच्या घरात आहेत, कानाकडे भांडवल साडेपंधरा हजारांचं. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर चढत्या उंचीचे सूक्ष्म केस असतात आणि आखूड केसाचं टोक शेजारच्या लांब केसाला एका धाग्याने बांधलेलं असतं. पट्टी हलली की केस कलतात, धागा ताणला जातो, केसातलं दार उघडतं आणि पोटॅशियम आत घुसतं. ते आपोआप घुसतं, कारण बाहेरच्या द्रवात पोटॅशियम भरपूर असून तिथे सुमारे +80 मिलिव्होल्टचा विद्युतदाब कायम राखलेला असतो. मेंदूला बातमी देतात त्या मुख्यतः आतल्या पेशी. बाहेरच्या पेशी वीज बदलली की स्वतः आखूड-लांब होतात आणि पट्टीला जागच्या जागी झोका देतात. हलके आवाज ऐकू येतात आणि जवळजवळचे सूर वेगळे कळतात ते त्यांच्या जोरावर.

मोठ्या आवाजात सगळ्यात आधी मरतात त्या याच बाहेरच्या पेशी. कोंबडीच्या कानात केसपेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत.

पहिला फटका बहुधा 4,000 हर्ट्झच्या आसपास बसतो. "साठ" आणि "आठ" यांत फरक फक्त स चा, आणि स ची बहुतेक ताकद 4,000 च्या वरच असते. म्हणून अशा माणसाला बोललेलं ऐकू येतं, पण समजत नाही. तो म्हणतो, "आवाज येतोय, नीट बोला ना." घरचे समजतात लक्ष नाही.

कानाला स्वतःचं संरक्षण आहे, पण तोकडं. मोठा आवाज आला की रिकिबीचा स्नायू आवळतो, मात्र त्याला सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ लागू शकतो आणि तो खर्जच अडवतो. ताशाची काडी किंवा पॉवर प्रेसचा ठोका तोवर आत पोचलेला असतो.

कानाला किती आवाज किती वेळ चालतो याचा हिशेब असा: 85 डेसिबलला 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 94 ला 1 तास, 100 ला फक्त 15 मिनिटं. दडे दुसऱ्या दिवशी सुटले म्हणजे सगळं भरून आलं असंही धरू नका. 2009 मध्ये उंदरांवर दिसून आलं की ऐकणं पूर्ववत झाल्यावरही पेशी आणि नस यांचे जोड कायमचे तुटलेले राहतात.

कापसाचे बोळे विसरा, ते फार थोडा आवाज अडवतात. कोमट तेलही विसरा, ते पडद्याच्या अलीकडेच राहतं. फोमचे इअरप्लग घ्या आणि नीट घाला. हात धुवा. प्लग बोटांत वळून अगदी बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. प्लग सारा आणि फुगेपर्यंत 30 ते 40 सेकंद बोटाने धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. अर्धवट बाहेर लोंबणारा प्लग असून नसल्यासारखा. कारखान्यात नेमकं हेच होतं: प्लग वाटले जातात, घालायला कुणी शिकवत नाही.

एका रात्रीत एक कान बंद झाला तर मळ समजून थेंब टाकत बसू नका. नसेचं बहिरेपण असू शकतं आणि औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक होतो. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

पथकात किंवा शॉप फ्लोअरवर असाल तर दर वर्षी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा, सुट्टीनंतरच्या सकाळी, निदान 14 तास गोंगाटापासून लांब राहून. 3,000 आणि 6,000 हर्ट्झही तपासायला सांगा, एरवी ते सोडले जाऊ शकतात. रिपोर्ट फाइल करा आणि पुढच्या वर्षी दोन्ही आलेख शेजारी ठेवून 4,000 ला किती डेसिबल घसरले ते बघा. 10 डेसिबल जरी घसरले असतील तरी प्लग बदला किंवा ताशापासूनची जागा बदला.