टॅब्लेटची स्क्रीन दाब ओळखणार, म्हणून थांबायचं?

"टॅब्लेट घ्यायचा असेल तर आत्ता घेऊ नका," अशा सुरुवातीचा एक मजकूर चित्रकारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. त्याचा सारांश असा: पुढच्या पिढीत टॅब्लेटची स्क्रीनच दाब ओळखणार आहे, कंपन्यांनी तशी पेटंटंही घेतली आहेत. मग महागडं पेन लागणार नाही, कुठल्याही काडीने बारीक-जाड रेघ काढता येईल. तोवर घ्यायचंच झालं तर दाबाच्या 16 हजार लेव्हल, म्हणजे पायऱ्या, ओळखणारं पेन बघा. देवनागरी सुलेखन करणाऱ्यांनी मात्र थांबावंच. आणि शेवटी साक्षीला अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज: स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर चालवायचं पेन, नको असं त्यांनी 2007 मध्येच सांगितलं होतं म्हणे.

एकेक मुद्दा घेतो.

"स्क्रीनच दाब ओळखेल"

आजच्या टॅब्लेटची काच दाब मोजत नाही. काचेखाली पारदर्शक वाहक जाळी असते. बोट टेकलं की तिथलं विद्युतक्षेत्र बदलतं, आणि बदल कुठे झाला तेवढं टॅबला कळतं. बोट जोरात टेकवलं तर ते पसरून जास्त जागा व्यापतं, त्यावरून काही अ‍ॅप दाबाचा अंदाज बांधतात. पण तो अंदाजच, आणि बारीक टोकाचं पेन काही पसरत नाही.

मग पेन दाबल्यावर रेघ जाड कशी होते? तर दाब पेनच मोजतं. अ‍ॅपल पेन्सिल म्हणजे आयपॅडसाठीचं अ‍ॅपलचं पेन; तिच्या टोकामागे सेन्सर असतो आणि मोजलेला दाब ती आयपॅडला बिनतारी कळवते. सॅमसंगच्या एस पेनची रीत निराळी आहे. ते तंत्र वॅकॉम या जपानी कंपनीचं. स्क्रीनमागे तारांची आणखी एक जाळी असते, ती विद्युतचुंबकीय लहरी सोडते, पेनातलं तारेचं वेटोळं त्यांना प्रतिसाद देतं. टोक दाबलं की त्या प्रतिसादाची वारंवारता किंचित सरकते आणि त्यावरून दाब काढला जातो. या पेनाला लिहिण्यापुरती बॅटरी लागत नाही ती याचमुळे.

पटत नसेल तर 2022 मध्ये आलेला दहाव्या पिढीचा आयपॅड बघा. त्यावर पहिल्या पिढीची पेन्सिल चालते आणि 2023 मध्ये आलेली स्वस्तातली यूएसबी-सी पेन्सिलही चालते. पहिलीने दाबाप्रमाणे रेघ बदलते, दुसरीने बदलत नाही. स्क्रीन दोन्ही वेळा तीच.

दाब ओळखणारी स्क्रीन कधी निघालीच नाही असं मात्र नाही. ती येऊन गेली. सप्टेंबर 2015 मध्ये आयफोन 6एसमध्ये थ्रीडी टच आलं. काच दाबली की ती किती खाली लवली, हे बॅकलाइटच्या, म्हणजे स्क्रीन मागून उजळणाऱ्या, थरात बसवलेले सेन्सर मोजायचे. 2018 च्या आयफोन एक्सआरमध्ये ते नव्हतं आणि 2019 च्या आयफोन 11 पासून सगळ्याच नव्या फोनांतून गेलं. त्याची जागा नुसत्या लांब स्पर्शाने घेतली आणि बहुतेकांना फरकही जाणवला नाही. कुठलं बटण दाबण्यासारखं आहे हे स्क्रीनवर दिसायचंच नाही, तर लोक वापरणार तरी कसे?

मला यात महत्त्वाची वाटते ती तारीख. आयफोन 6एस दाखवला गेला 9 सप्टेंबर 2015 ला, आणि त्याच दिवशी, त्याच मंचावर पहिला आयपॅड प्रो आणि पहिली पेन्सिलही दाखवली गेली. त्याआधी मोठ्या आयपॅडच्या चर्चेत पेन आणि दाब ओळखणारी स्क्रीन ही दोन्ही भाकितं होती. कंपनीच्या हातात दोन्ही तंत्रं होती. फोनमध्ये दाब स्क्रीनला दिला, टॅबमध्ये पेनाला दिला. आयपॅडवर थ्रीडी टच तेव्हाही आलं नाही, नंतरही नाही.

कारण समजायला टॅबवर हात ठेवून दोन ओळी लिहून बघा. अख्खा तळवा काचेवर टेकलेला असतो. काच लवण्यावरून दाब मोजायचा तर तळव्याने लवलेली काच आणि पेनाने लवलेली काच वेगळी काढावी लागणार, आणि तळव्याचं वजन पेनाच्या टोकापेक्षा कितीतरी जास्त. त्यात तेरा इंची काच फोनच्या काचेसारखी एकसारखी लवत नाही. मध्यभागी एक दाब, कडेला दुसरा. मॅकबुकच्या ट्रॅकपॅडला 2015 पासून आजही दाब कळतो, कारण तिथे छोटी ताठ पाटी सेन्सरांवर टेकलेली असते, तळवा बाहेर असतो आणि पाटीतून आरपार काही दिसावं लागत नाही. यातली एकही सवलत टॅबच्या स्क्रीनला नाही.

"कुठल्याही काडीने लिहिता येईल"

ही सोय आपण भोगून झालो आहोत. ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी आणलेला पहिला 'आकाश' टॅब्लेट आठवतोय? त्याची सात इंची स्क्रीन रेझिस्टिव्ह होती. वरचा थर दाबून खालच्या थराला टेकवला की स्पर्श नोंदला जायचा, मग टोक नखाचं असो, काडीचं असो की टोपण लावलेल्या पेनाचं. पण तळवाही तसाच नोंदला जायचा, आणि दाब कमी की जास्त हे कळायचं नाहीच. 2012 मध्ये आकाश-2 आला तेव्हा प्रकल्प मुंबईच्या आयआयटीकडे होता आणि स्क्रीन कपॅसिटिव्ह, म्हणजे आजच्यासारखी विद्युतक्षेत्रातला बदल ओळखणारी, झाली होती. 'काहीही चालतं' हा गुण सोडून जग पुढे आलं ते उगाच नाही.

आज उलट, पेन आणि स्क्रीन यांची जोडी जुळावी लागते. एस पेन आयपॅडवर चालत नाही, पेन्सिल सॅमसंगवर चालत नाही. वॅकॉमचं तंत्र असलेल्या सॅमसंग टॅबवर लामी किंवा स्टेडलरची त्याच तंत्राची पेनं चालतात, तेवढी मोकळीक आहे. सगळ्यांसाठी एकच पेन असावं म्हणून यूएसआय नावाचं मानक 2015 पासून घडतंय. क्रोमबुकांनी आणि गूगलच्या 2023 च्या पिक्सेल टॅब्लेटने ते स्वीकारलंय, पण अ‍ॅपल त्यात नाही. शिवाय प्रत्येक नवं यंत्र पेनाच्या दिशेनेच चाललंय असंही नाही. जुलै 2025 मध्ये आलेल्या सॅमसंगच्या घडीच्या फोनमध्ये, गॅलेक्सी झेड फोल्ड 7 मध्ये, उघडल्यावर आठ इंची स्क्रीन मिळते, पण एस पेन त्यावर चालत नाही. फोन पातळ करताना पेनासाठीचा थर काढून टाकला.

"किमान 16 हजार लेव्हल हव्यात"

16,384 हा आकडा दोनाचा चौदावा घात, 4,096 बारावा. वाढ आहे ती मोजणीच्या बारकाव्याची, हाताच्या नाही. 40 पिक्सेल रुंदीचा ब्रश 4,096 पायऱ्यांत वाटला तर एक पायरी पिक्सेलच्या शंभराव्या भागाची होते. ती 16,384 पायऱ्यांत वाटून आणखी बारीक केली तर दिसणार कुणाला? अ‍ॅपल आपल्या पेन्सिलच्या लेव्हलचा आकडा जाहीरच करत नाही, आणि चित्रकारांचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

पेन चांगलं की वाईट ते ठरतं दुसऱ्या गोष्टींवर. किती हलकं टेकवलं की रेघ सुरू होते? टोकामागे शाई किती रेंगाळते? पेन्सिलच्या बाबतीत हा उशीर 2019 मध्ये 20 मिलिसेकंदांवरून 9 वर आला, तोही नवं पेन न आणता, नुसत्या सॉफ्टवेअरने. आणि काच व चित्र यांच्यात हवेची फट असेल तर टोक एकीकडे आणि रेघ दुसरीकडे दिसते. स्वस्त टॅबात खटकतं ते बहुतेक हेच, पण खोक्यावर छापायला लेव्हलचा आकडा सोपा.

"देवनागरी सुलेखनासाठी तरी थांबा"

हे वाचून हसू आलं. बोरूला दाब कुठे लागतो? बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. हात एका कोनात धरला की शिरोरेषा, उभा दंड आणि वळणं यांची जाडी रेघ कुठल्या दिशेने जाते त्यावरून ठरते. कट निबचंही तसंच. दाबावर चालणारं सुलेखन म्हणजे इंग्रजीतली कॉपरप्लेट शैली, जिथे लवचीक निबची दोन पाती दाबाने फाकतात. आपल्या अक्षराला हवा तो कोन.

आणि कोनासाठी कुठलाच सेन्सर लागत नाही. सुलेखनाच्या अ‍ॅपमध्ये चपटा ब्रश घ्या, त्याचा कोन कायम ठेवा, दाबाची सेटिंग बंद करा. रबरी टोकाच्या साध्या स्टायलसनेही 'क'चं पोट भरून येतं. लिहिता लिहिता बोरू बोटांत फिरवायची सवय असेल तर मात्र फिरणं ओळखणारं पेन लागेल. वॅकॉमचं आर्ट पेन ते काम जुन्या काळापासून करतंय, आणि मे 2024 मध्ये आलेली अ‍ॅपलची पेन्सिल प्रो जायरोस्कोपच्या, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या, मदतीने करते, अर्थात तिला चालणाऱ्या आयपॅडांवरच. म्हणजे सुलेखनकारांनी ज्यासाठी थांबावं असं म्हणतात त्याची त्यांना गरज नाही, आणि ज्याची गरज पडू शकते ते बाजारात आहे.

"जॉब्जनीच नाकारलं होतं"

ते वाक्य 9 जानेवारी 2007 चं, पहिल्या आयफोनच्या वेळचं. फोन चालवायला काडी लागू नये, बोट पुरावं, एवढाच मुद्दा होता. आयपॅडसुद्धा बोटानेच चालतो, पेन लागतं ते लिहा-काढायला. दोन वेगळी कामं.

"पेटंटं घेतली आहेत, म्हणजे येणारच"

पेटंट म्हणजे कल्पनेवरचा हक्क. ती विकायला काढण्याचं वचन त्यात नसतं. मोठ्या कंपन्या दरवर्षी पेटंटांचे ढीग लावतात, त्यातली बरीचशी प्रतिस्पर्ध्याला वाट अडवायला असतात. अर्ज सहसा 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतात, तेव्हा 'नुकतंच बाहेर आलेलं पेटंट' हा बहुधा दीड वर्षापूर्वीचा विचार असतो. एखादं भाकीत बरोबरही येतं. 2015 मध्ये पेनाचं आलंच. पण दहा वर्षं हुकलेल्या स्क्रीनच्या भाकितावर पुढचं शैक्षणिक वर्ष काढायचं हे मला पटत नाही.

टॅब घ्यायचाच असेल तर पेनाच्या माहितीत दाब आणि तिरकेपणा या दोन्हींचा उल्लेख आहे ना, ते आधी वाचा, आणि पेनाची किंमत टॅबच्या किमतीत धरा. यूएसबी-सी पेन्सिल आपल्याकडे आली तेव्हा 7,900 रुपयांना होती, आणि दाब तिच्यात नाहीच. दुकानात मांडलेल्या टॅबवर पट्टी धरून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. पट्टी सरळ असूनही रेघ नागमोडी आली, तर तो टॅब चित्रासाठी घेऊ नका, पेनाच्या खोक्यावर कितीही लेव्हल छापल्या असल्या तरी.